पाकीट क्रमांक एकेचाळीस

१८ जानेवारी

आणि तिसऱ्या डोक्यावर सुरी टेकवली तेवढ्यात आचाऱ्याने माझ्या खांद्यावर एक ओलं पाकीट आपटलं. "मास्तर, तुम्हालापण कोणी लिहितं का!" माल उतरवून घेणारी बोट पंधरा दिवसांनी येते, तिच्यातून टपाल येतं. मी आधी माशाचं डोकं फोडलं. डोळ्यांच्या मागे, कवटीच्या तळाशी, एकच घाव. मग हात पुसले आणि पत्र उघडलं.

ताई, पत्र छापील होतं. "प्रिय माजी विद्यार्थी." सागरविज्ञान विभाग, माजी विद्यार्थी कक्ष. खाली तुझी सही. अक्षरं डावीकडे कललेली. मी ओळखलीच नसती. तू आता डाव्या हाताने लिहितेस हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

हे पत्र तू मला पाठवलेलं नाहीस, ते मला कळतं. यादीत नाव होतं, शिपायाने पत्ता चिकटवला. तरी उत्तर देतोय. सहा वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला कागद.

"विभागाशी नातं टिकवण्याचे सहा मार्ग." वर्गात येऊन अनुभव सांगा. विद्यार्थ्याला कामावर सोबत न्या. नमुने पाठवा. नव्या मुलांना प्रवेशासाठी मदत करा. वर्गणी भरा. यातलं काहीच जमत नसेल तर निदान पत्ता कळवत राहा. मी तिसऱ्यापुढे खूण केली. मासे फोडणं मला जमतं. वर्गात येऊन बोललो तर मुलं विषय बदलतील.

माझं काम तुला माहीत नसेल. मी मोठ्या मासेमारी बोटीवर सरकारी निरीक्षक आहे. जाळं कुठे टाकलं, काय आलं, किती आलं ते बघायचं आणि कप्तानाच्या नोंदवहीवर रोज सही करायची. नोकरी कार्यालयाची, पण बिछाना आणि ताट कप्तानाचं. त्यामुळे सह्या कशा होत असतील ते तू ओळखशील.

सोबत एकवीस पाकिटं आहेत. एका जाळ्याचं एक पाकीट, प्रत्येकात दहा माशांच्या कानांतले खडे. तुला त्यांवरची वलयं मोजायला आवडायचं. एक वलय, एक वर्ष. प्रत्येक पाकिटावर तारीख, जाळ्याचा क्रमांक, खोली आणि जागा आहे. आपल्याला शिकवणाऱ्या बाई म्हणायच्या, जागा लिहिली नाही तर खडा आणि वाळू यांत फरक काय? पहिल्या वर्षी मी एका पाकिटावर खोली अंदाजाने लिहिली, तर त्यांनी अख्खी पेटी माझ्याच हाताने खाडीत फेकायला लावली. चार महिन्यांचं काम. तू काठावर उभी राहून हसत होतीस. त्यानंतर मी पाकिटावर खोटं लिहिलेलं नाही.

फ्रीझरच्या झाकणाबद्दल: ते आपोआप पडलं. तेव्हाही हेच म्हणालो, आताही हेच म्हणतो.

हात कसा आहे?

धाकटा


२ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. अपेक्षा नव्हती.

पाकिटं बावीस ते तीस सोबत आहेत. तेवीस नाही. इंजिनवाल्याने माझा डोक्यांचा ट्रे लाथेने समुद्रात ढकलला, वास येतो म्हणून. मी त्याचा गळा धरला. तो निळा पडेपर्यंत धरला, असं नंतर सगळे म्हणाले. मला फक्त त्याच्या गळ्याची घाटी अंगठ्याखाली वरखाली होत होती तेवढं आठवतं. जाळेवाल्याने मला मागून उचललं आणि दोरांच्या ढिगावर फेकलं. मग माझ्या छातीवर बसून म्हणाला, "मास्तर, शिकलेल्या माणसाने तोंडाने भांडावं. हाताने भांडायला आम्ही आहोत की."

कप्तान वर उभा राहून बघत होता. त्याच्या कमरेला ओल्या दोराचा हातभर तुकडा असतो. ज्याला मारायचं त्याला तो हाक मारत नाही, जवळ येतो. मला त्याने अजून मारलेलं नाही. सहीचा हात आहे.

जाळेवाला पन्नाशीचा आहे. फाटलेली जाळी दुरुस्त करतो. चष्म्याची एक काडी जाळ्याच्याच दोऱ्याने बांधलेली. मी डोकी फोडतो तेव्हा तो समोर बसतो.

"मास्तर, माशाचं वय कळतं म्हणता. आमच्या बायकोचं सांगा. वीस वर्षं झाली, एकच आकडा सांगते."

"डोकं फोडावं लागेल."

"मग राहू द्या. ती आधी माझं फोडेल."

त्याची मुलगी बारावीला आहे. तिला तुमच्याकडे यायचंय. "म्हणते, बाबा, मी मासे मारणार नाही, मोजणार. म्हटलं, मोजायला आधी कोणाला तरी मारावे लागतात ना गं. तीन दिवस बोलली नाही माझ्याशी." त्याला तिचे सगळ्या विषयांचे गुण पाठ आहेत. भौतिकशास्त्राचे सांगताना आवाज खाली आणतो.

मी चौथ्या मार्गापुढेही खूण केली आहे. तिचं नाव, गुण आणि पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय. तिला प्रवेशाचा अर्ज पाठव. माझ्यासाठी नको करूस.

धाकटा


१७ फेब्रुवारी

ताई,

पाकिटं एकतीस ते चव्वेचाळीस सोबत. एकेचाळीसवर डाग आहे. माशाचा नाही. आतले खडे स्वच्छ आहेत, मोजायला हरकत नाही.

जाळेवाला गेला. अपघात होता. वायर. पंधरा तारखेला लाँचमधून दोन अधिकारी आले, डेकवरच जबाब घेतला आणि त्याला घेऊन गेले. मी सही केली.

आम्ही रेषेच्या बाहेर होतो. रेषेच्या आत मासे अंडी घालतात. या महिन्यांत तिथे जाळं टाकलं तर बोट जप्त होते. आम्ही बाहेर होतो.

मुलीला अर्ज पाठवलास का? पाठवला नसशील तर आज पाठव.

धाकटा


४ मार्च

ताई,

विभागाचं आभाराचं कार्ड मिळालं. "आपण पाठवलेल्या नमुन्यांबद्दल." खाली तीच कललेली सही. शिक्का असतो तरी सही तू स्वतः करतेस, एवढं मी बघून ठेवलंय.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी तू किती वेळ ओरडत होतीस? मला आठवत नाही. ओरडण्याच्या आधीचा आवाज तेवढा आठवतो. लहान असतो तो. ओली काडी मोडल्यासारखा. मला वाटायचं की तो मी एकट्यानेच ऐकलाय आणि आयुष्यात एकदाच. तसं नाही.

कप्तानाने मला जाळेवाल्याचा बिछाना दिला. खिडकीजवळचा, कोरडा. मी घेतला. उशीखाली मुलीच्या गुणपत्रिकेची प्रत होती, चार घड्या घातलेली. भौतिकशास्त्राचे गुण त्याने मला चारने वाढवून सांगितले होते.

जबाबात "तत्काळ मृत्यू" असं लिहिलंय. तत्काळ हा शब्द माझा नाही.

यंत्रवाला, म्हणजे जाळं ओढायचं यंत्र चालवणारा, आता डाव्या हाताने जेवतो. उजवं मनगट सुजलंय. कशाने, ते कोणी विचारत नाही. इंजिनवाला परवा माझ्याजवळ आला. मला वाटलं, मारणार. तो म्हणाला, "तुम्ही लिहिणारे आहात ना? मग?" आणि गेला.

रोज सही करतोय. कप्तान सगळ्यांसमोर म्हणतो, "मास्तर शहाणा माणूस आहे."

आम्ही रेषेच्या बाहेर होतो.

धाकटा


१९ मार्च

प्रति,
प्रमुख, माजी विद्यार्थी कक्ष, सागरविज्ञान विभाग यांस

सप्रेम नमस्कार.

आपण विभागाच्या वार्तापत्रात "आमचे विद्यार्थी समुद्रावर" या सदरात माझे आभार मानले असून, मी पाठविलेल्या नमुन्यांच्या जागा दाखविणारा नकाशा छापला आहे. त्यात जाळे क्रमांक ३८ ते ४१ यांच्या जागा बंद पाण्याच्या रेषेच्या आत दाखविल्या आहेत. ही चूक सर्वस्वी माझी आहे. पाकिटांवरील आकडे मी अंदाजाने लिहिले होते. तरी सदर पाकिटे नष्ट करावीत व पुढील अंकात दुरुस्ती छापावी, ही विनंती.

माझी प्रकृती उत्तम आहे. कप्तानसाहेब सर्वांची काळजी घेतात.

आपण माझ्या थोरल्या भगिनी आहात, म्हणून खात्रीसाठी एक वाक्य लिहितो. ते फ्रीझरचे झाकण आपोआप पडले हे जितके खरे, तितकीच ही चूक खरी आहे.

आपला नम्र,
एक माजी विद्यार्थी


२ एप्रिल

ताई,

बंदर दिसतंय. नांगर टाकलाय, उद्या सकाळी आत घेतील. हे पत्र टपालात टाकणार नाही. तू आलीस तर तुझ्या हातात देईन. नाही आलीस तर आईकडे ठेवीन.

मागचं पत्र कप्तानाने सांगितलं आणि मी लिहिलं. तुमचं वार्तापत्र यादीतल्या प्रत्येकाला जातं, तसं मलाही आलं. टपाल आधी त्याच्या हातात पडतं. तुला कुठे ठाऊक होतं! तू ठिपके जिथे होते तिथे मांडलेस. त्याला लिहिता येत नाही, पण नकाशा माझ्यापेक्षा चांगला वाचता येतो.

तो मला जाळ्यांच्या खोलीत घेऊन गेला. वार्तापत्र माझ्या मांडीवर ठेवलं आणि एका ठिपक्यावर बोट टेकवलं. "हा कोण?"

मी म्हटलं, "एकेचाळीस."

दोर त्याने कमरेलाच राहू दिला. माझा मासे फोडायचा लाकडी दांडका घेतला. पहिला घाव तोंडावर. नंतरचे मोजले नाहीत. माझी वही त्याने माझ्यासमोर फाडली, एकेक पान, आणि प्रत्येक पानाला एक. त्याला घाई नव्हती. दारात आचारी उभा होता. त्याच्या हातात परात होती. शेवटी दोन दात पडले ते आचाऱ्याने उचलले, धुतले, माझ्या खिशात घातले. "घ्या मास्तर. यांचंपण वय मोजा." तो रडत होता.

मग कागद आला. पाकिटं खोटी ठरली की झालं, असं कप्तानाचं म्हणणं. "घरचं काहीतरी टाक," तो म्हणाला, "नाहीतर खरं वाटणार नाही." मी झाकणाचं टाकलं. इंजिनवाल्याकडून त्याने पत्र दोनदा वाचून घेतलं. "झाकण कसलं?" मी म्हटलं, घरातली जुनी गोष्ट. "छान," म्हणाला.

ते वाक्य तुला कळलं असेल तर त्यातून दोन गोष्टी कळल्या असतील. नसेल तर आता सरळ लिहितो.

झाकण आपोआप पडलं नाही. तू विभागाच्या समुद्रमोहिमेच्या यादीतून माझं नाव काढलं होतंस. मी वर्गातल्या एकाचं नाक फोडलं होतं म्हणून काढलंस, आणि बरोबर केलंस. तू फ्रीझरमध्ये हात घालून नमुने लावत होतीस. म्हणालीस, "आधी माणसांत राहायला शीक, मग बोटीवर जा." मी दोन्ही हातांनी झाकण खाली ओढलं. ते जड आहे, ओढल्याशिवाय खाली येत नाही. हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं, बाईंना माहीत होतं. आईला मी सांगितलेलं खरं वाटलं, कारण तिने तो फ्रीझर कधी बघितलाच नव्हता.

आता एकेचाळीस.

तेरा फेब्रुवारी, दुपारचे चार. रेषेच्या आत नऊ मैल. बोटीची जागा कार्यालयाला कळवणारं यंत्र नेहमीसारखं "बंद पडलेलं". जाळं खाली होतं आणि क्षितिजावर गस्तीची बोट दिसली. कप्तान ओरडला, ओढा, पूर्ण वेगाने. जाळं ओढायची वायर उसळली आणि जाळेवाल्याच्या कोपरावर तिचा वेढा बसला. "थांबव," तो म्हणाला. ओरडला नाही, म्हणाला. यंत्रवाल्याचा हात यंत्र थांबवायच्या कळीकडे गेला. कप्तानाने त्या मनगटावर दोर मारला. "ओढ." मग तो लहानसा आवाज. मग जाळेवाला ओरडला. जाळं वर आलं, उघडलं, आणि माशांबरोबर त्याचा हातही डेकवर पडला. बोटांत जाळ्याचा दोरा तसाच होता.

तो तत्काळ गेला नाही. दोन दिवस जगला. सरळ बाहेर पडलो असतो तर चार तासांत रेषा ओलांडली असती आणि लाँच बोलावता आली असती. पण त्या बाजूला गस्त होती, म्हणून आम्ही आतल्या आत उलटे पळालो. रेडिओ कप्तानाच्या खोलीत. दाराला कुलूप. ते दार मी फोडू शकलो असतो. गळा धरायला माझे हात कधी कमी पडले नाहीत. त्या दोन दिवसांत मी एकदाही कोणाच्या अंगावर गेलो नाही. याचं कारण मी शोधतोय. बोट जप्त झाली असती तर किती मासे आले त्या आकड्यांखालच्या माझ्या महिनाभराच्या खोट्या सह्या उघड्या पडल्या असत्या. दुसरं कारण सापडत नाही.

मी पट्टा आवळून बांधला. पाणी पाजलं. त्याला ग्लानी आली की डेकवर जायचो आणि एकेचाळीसच्या जाळ्यातली डोकी फोडायचो. दहा मासे. हातांना काम हवं होतं. आणि पाकिटावर जागा लिहिली, खरी, कारण पाकिटावर दुसरं काही लिहायची मला सवय नाही. मग त्याच हाताने जबाबावर सही केली.

शेवटी तो म्हणाला, "मास्तर, पोरीचा अर्ज."

"ताईला कळवलंय."

"बापाचा धंदा काय लिहिलात?"

"जाळी विणणारा."

"चुकलं. विणायला कारखाने आहेत. दुरुस्त करणारा लिहा."

मी म्हटलं, लिहितो. अजून लिहिलेलं नाही. चिठ्ठी तुझ्याकडे आहे, तेवढं दुरुस्त कर.

डॉक्टरांनी जखम दोन दिवस जुनी असल्याचं लिहिलं, म्हणून चौकशी लागली आहे. उद्या नऊ वाजता, बंदर कार्यालयात. त्याची बायको आणि मुलगी येणार आहेत. विभागाला पत्र गेलंय, म्हणजे तुलाही बोलावलं असेल. कप्तान आज माझ्याशी गोड बोलतोय. सही झालेलीच आहे, फक्त "हो" म्हणायचं. पाकीट नसेल तर एका बाजूला माझा शब्द आणि दुसऱ्या बाजूला माझीच सही. कोणीही सहीच मानेल. तो सुटेल, आणि जाळेवाला कागदावर कायमचा रेषेबाहेर, तत्काळ मेलेला राहील.

तरी मी सांगणार आहे. तू पाकीट फेकून दिलं असशील तर ती पेटी मी पुन्हा एकदा स्वतःच्या हाताने खाडीत फेकली असं समजेन. तुला दोष देणार नाही. मी अंदाजाने लिहिलं असं माझ्याच अक्षरात तुला कळवलंय.

तोंड नीट उघडत नाही. उद्या बोलताना थुंकी उडेल. समोर बसू नकोस.

धाकटा


(याच पत्राच्या पाठीमागे, डावीकडे कललेल्या अक्षरांत)

३ एप्रिल

बोट सव्वासातला धक्क्याला लागली. नऊ वाजता चौकशी सुरू झाली. त्याने उभं राहून सही मागे घेतली आणि तेरा तारखेपासून पंधरापर्यंत सगळं सांगितलं. कप्तान म्हणाला, हा माथेफिरू आहे, हाताला येईल त्याला मारतो, ही त्याची बहीण बसली आहे, हिलाच विचारा. मला विचारलं. मी उजवा हात टेबलावर ठेवला आणि सांगितलं, हो, मारतो. पण पाकिटावर खोटं लिहीत नाही. मग पाकीट क्रमांक एकेचाळीस काढून दिलं. त्यानंतर यंत्रवाला उठला आणि त्याने बाही वर केली.

बाहेर जाळेवाल्याच्या मुलीने धाकट्याला विचारलं, ते दोन दिवस तुम्ही काय करत होतात? तो म्हणाला, माशांची डोकी फोडत होतो. तिने त्याच्या थोबाडीत मारली. दोनदा. त्याच्या तोंडातून रक्त आलं. कोणी मध्ये पडलं नाही. मीही पडले नाही.

मग त्याला डॉक्टरांकडे नेलं. चार टाके पडले. पाकीट पोलिसांकडे जमा केलं, पावती सोबत जोडली आहे. मुलीच्या चिठ्ठीवर वडिलांचा धंदा दुरुस्त केला.